वेट बल्बचा आकडा जुळत नाही : हिशोब कुठे फसतो आणि कसा पकडायचा

तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. एक्सेलच्या शीटमध्ये तापमान आणि आर्द्रता भरली, वेट बल्ब (ओली वात लावलेला थर्मामीटर वाऱ्यात जिथवर खाली येतो ते तापमान) ३१ आला; थर्मामीटरला ओली वात लावून पाहिले तर २७. कूलरच्या पॅडमागची हवा हिशोबातल्या वेट बल्बपेक्षाही गार लागते. एका कॅल्क्युलेटरवर निरपेक्ष आर्द्रता ११.३ येते, चार्टवर १०.२, आणि तिसरीकडे १०.६. तापमान तेच, आर्द्रता तीच, मग खरे कोणते?

बहुतेक वेळा सूत्र बरोबर असते. त्यात घातलेले आकडे एका हवेचे नसतात, किंवा एककांची अदलाबदल झालेली असते. म्हणून आधी हाताने एकदा पूर्ण हिशोब करून घ्या. हा नमुना हाताशी असला की शीट, ॲप, मीटर यांपैकी कोण चुकते आहे ते पाच मिनिटांत कळते.

ताडून पाहण्यासाठी एक पक्का नमुना

नागपूरची मे महिन्यातली दुपार धरू : ड्राय बल्ब (साध्या, कोरड्या थर्मामीटरचे तापमान) ४२ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून हवेचा दाब ९७७ हेक्टोपास्कल धरला आहे. (हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच. जुन्या पुस्तकांतली कोष्टके पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, त्यांना १.३३३ ने गुणायचे.)

खुणा अशा : त म्हणजे ड्राय बल्ब, आ म्हणजे सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत, ब म्हणजे हवेतल्या वाफेचा बाष्पदाब, द म्हणजे हवेचा दाब, ओ म्हणजे वेट बल्ब. वेट बल्ब म्हणजे ओला फुगा (थर्मामीटरच्या टोकाचा गोळा), म्हणून ओ.

पहिली पायरी, संपृक्त बाष्पदाब. त्या तापमानाला हवेत वाफेचा दाब जास्तीत जास्त किती असू शकतो, तो आकडा :

सं(त) = ६.११२ × ईएक्सपी(१७.६२ × त ÷ (२४३.१२ + त))

ईएक्सपी आणि पुढे येणारे एलएन ही एक्सेलमधली फंक्शने. ४२ अंशांना सं(त) ८१.९ हेक्टोपास्कल येतो.

दुसरी पायरी, प्रत्यक्ष बाष्पदाब : ब = सं(त) × आ ÷ १००. म्हणजे १६.४ (पुढच्या हिशोबासाठी १६.३९).

तिसरी, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हीच वाफ दव होऊ लागते ते. आधी क = एलएन(ब ÷ ६.११२) काढा, इथे ०.९८६. मग दवबिंदू = २४३.१२ × क ÷ (१७.६२ − क) = १४.४ अंश.

चौथी, निरपेक्ष आर्द्रता : २१६.७ × ब ÷ (त + २७३.१५) = ११.३ ग्रॅम प्रति घनमीटर.

पाचवी, मिश्रण गुणोत्तर, म्हणजे एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम वाफ : ६२२ × ब ÷ (द − ब) = १०.६ ग्रॅम प्रति किलो.

शेवटी वेट बल्ब. याला अचूक असे थेट सूत्र नाही, अंदाज घेऊन सुधारत जावे लागते. समीकरण असे :

ब = सं(ओ) − ०.०००६६ × (१ + ०.००११५ × ओ) × द × (त − ओ)

ओ = २५ धरून पाहा. उजवी बाजू २०.३ येते, आपल्याला हवेत १६.४. म्हणजे ३.९ ने जास्त. हा फरक २.५ ने भागा, १.६ आले, तेवढे २५ मधून वजा करा : २३.४. पुन्हा घालून पाहिले की उजवी बाजू १६.४ च्या जवळ येते. संपले. २.५ हा भाजक आपल्याकडच्या उन्हाळी हवेला चालतो. वेट बल्ब २७-२८ च्या पुढे असेल तर २.८ घ्या. चुकीचा भाजक घेतला तरी उत्तर बिघडत नाही, फक्त एखादी फेरी वाढते. एक्सेलमध्ये हेच काम गोल सीक करून देते.

तर या हवेची कुंडली : ड्राय बल्ब ४२, वेट बल्ब २३.४, दवबिंदू १४.४. क्रम नेहमी हाच राहणार. वेट बल्ब दवबिंदूच्या खाली किंवा ड्राय बल्बच्या वर गेला तर पुढे काही तपासू नका, आधी शीट दुरुस्त करा. दुसरी परीक्षा : आ च्या जागी १०० घाला. तिन्ही आकडे एक झाले पाहिजेत.

सकाळची आर्द्रता, दुपारचे तापमान

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक ही, आणि ती हिशोब येणाऱ्यांकडूनही होते. बातमीत किंवा रोजच्या तक्त्यात कमाल तापमान असते आणि शेजारी आर्द्रता असते. हवामान विभागाच्या तक्त्यातली आर्द्रता सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेपाचची असते. कमाल तापमान मात्र बहुधा दुपारी दोन-तीनच्या सुमाराचे. दोन्ही एकाच ओळीत छापलेले दिसतात म्हणून एकाच सूत्रात घातले जातात.

मुंबईचा आकडा घेऊन पाहू. सकाळी २९ अंश आणि ८० टक्के, दुपारी ३४ अंश. ३४ आणि ८० ची जोडी लावली तर वेट बल्ब ३०.९ येतो, दवबिंदू ३०, निरपेक्ष आर्द्रता ३० ग्रॅम प्रति घनमीटर. आकडे भीतीदायक आहेत आणि खोटे आहेत. सकाळच्या जोडीतून बाष्पदाब काढला तर ३२ हेक्टोपास्कल येतो. दुपारपर्यंत वाफ तेवढीच राहिली असे धरले तर ३४ अंशांना सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर उतरते, आणि वेट बल्ब येतो २७.४. साडेतीन अंशांचा फरक! निरपेक्ष आर्द्रताही ३० नव्हे, २२.५.

कारण साधे आहे. टक्का हा एकट्या वाफेचा नसतो, तो वाफ आणि तापमान या जोडीचा असतो. हवा तापली की वाफ तेवढीच राहून टक्का खाली येतो. बाष्पदाब आणि दवबिंदू मात्र दिवसभरात त्या मानाने कमी हलतात. म्हणून दोन वेगळ्या वेळांचे आकडे जुळवायची वेळ आलीच तर टक्का उचलू नका. ज्या वेळचा टक्का आहे त्या वेळच्या तापमानाने बाष्पदाब काढा, आणि तो बाष्पदाब दुसऱ्या वेळच्या तापमानाबरोबर वापरा. वारा फिरला, समुद्रावरून खारा वारा आला किंवा सर पडून गेली, तर हेही चालत नाही. तेव्हा त्याच वेळचे मोजमाप लागते.

दिवसाचे सरासरी तापमान आणि सरासरी आर्द्रता घेऊन काढलेला वेट बल्ब याच जातीचा. तासातासाचा बाष्पदाब काढा आणि मग सरासरी घ्या.

वैज्ञानिक लेखांत ३५ अंश वेट बल्ब ही माणसाच्या शरीराची सैद्धांतिक मर्यादा म्हणून येते, त्यामुळे लोक हा आकडा शोधत असतात. आपल्या शीटमध्ये महाराष्ट्रातल्या एखाद्या गावासाठी ३३-३४ दिसू लागला तर आधी दोन्ही आकड्यांच्या वेळा पाहा. ॲपवरच्या ‘जाणवणाऱ्या’ तापमानाशीही तुलना नको. तो वेगळ्या सूत्राचा आकडा आहे. डब्ल्यूबीजीटी (ऊन, वारा, आर्द्रता धरून काढलेला उष्णतेचा निर्देशांक) हीसुद्धा वेगळी गोष्ट : त्यात नैसर्गिक वाऱ्यातल्या वेट बल्बचा वाटा ०.७, काळ्या गोलकाचा ०.२ आणि ड्राय बल्बचा ०.१. उन्हात उभे राहून काढलेला डब्ल्यूबीजीटी आणि सावलीतला वेट बल्ब जुळणारच नाहीत.

शीटमधल्या खोड्या

इंटरनेटवर सर्वत्र फिरणारे वेट बल्बचे एका ओळीचे अंदाजी सूत्र हवामानशास्त्रज्ञ रोलंड स्टल यांचे, २०११ सालचे :

ओ = त × एटॅन(०.१५१९७७ × √(आ + ८.३१३६५९)) + एटॅन(त + आ) − एटॅन(आ − १.६७६३३१) + ०.००३९१८३८ × आ^१.५ × एटॅन(०.०२३१०१ × आ) − ४.६८६०३५

सोयीचे आहे, पण ते समुद्रसपाटीच्या दाबासाठी बसवलेले आहे, आर्द्रता ५ ते ९९ टक्के आणि तापमान उणे २० ते ५० अंश या पट्ट्यात. तिथेही चूक उणे १ ते अधिक ०.६५ अंशांपर्यंत असू शकते. आपल्या नमुन्यावर ते २४.१ देते. समुद्रसपाटीवर नीट सोडवलेले उत्तर २३.६, नागपूरच्या दाबाला २३.४. म्हणजे पाऊण अंश गेला. रोजच्या अंदाजाला ठीक, पण पॅडची कार्यक्षमता काढताना किंवा दोन सेन्सरांची तुलना करताना हे सूत्र वापरू नये.

या सूत्रात एटॅन (टॅनचा उलटा) रेडियनमध्ये लागतो. एक्सेल रेडियनच देते. मोबाइलचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवलेला असेल तर उत्तर १६०० च्या पुढे जाते. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

न दिसणारी चूक वेगळीच आहे. एक्सेलमध्ये खान्याला टक्केवारीचा फॉरमॅट दिलेला असतो आणि आपण २०% लिहितो. आत साठते ०.२. सूत्र २० ची वाट पाहत असते. ४२ अंशांना उत्तर येते १५.४. दवबिंदूच्या वर, ड्राय बल्बच्या खाली, दिसायला सालस. पकडायची युक्ती : आर्द्रता २०% वरून ६०% करून पाहा. खरे उत्तर दहा अंशांनी वर उडी मारून ३४ च्या पुढे जायला हवे. टक्क्याची गडबड असेल तर १५.४ चे १५.६ होऊन तिथेच बसते.

दवबिंदूत एलएनच्या जागी एलओजी घातले की १४.४ चे ६.१ होतात. मराठी पुस्तकांत दोन्हीला ‘लॉग’ म्हणतात, त्यामुळे ही चूक भाबडेपणाने होते. इथे नैसर्गिक लॉग हवा, पाया १० चा नव्हे.

आणि तो एक-तृतीयांशाचा नियम : वेट बल्ब म्हणजे ड्राय बल्बमधून, ड्राय बल्ब आणि दवबिंदू यांच्या फरकाचा तिसरा हिस्सा वजा. हा नियम गोठणबिंदूच्या आसपासच्या थंड हवेचा आहे. नागपूरच्या नमुन्यावर तो ३२.८ सांगतो, खरे २३.४! आपल्याकडच्या उष्ण हवेत वेट बल्ब दवबिंदूकडे झुकलेला असतो. फरकाचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश हिस्सा वजा करावा लागतो. कोरड्या विदर्भात दोन-तृतीयांश, दमट कोकणात तीन-चतुर्थांश. तोंडी अंदाजाला हे पुष्कळ.

निरपेक्ष आर्द्रता : घनमीटर की किलो?

सुरुवातीच्या तीन उत्तरांचा उलगडा इथे होतो. ११.३ हे ग्रॅम प्रति घनमीटर. १०.२ हे ग्रॅम प्रति किलो, समुद्रसपाटीच्या चार्टवरून वाचलेले. १०.६ तेच ग्रॅम प्रति किलो, पण नागपूरच्या दाबाला. तिन्ही बरोबर आहेत.

गोंधळ होतो कारण आकडे जवळजवळ असतात. एक घनमीटर हवेचे वजन एक-सव्वा किलोच असते, त्यामुळे चुकीचे एकक घेतले तरी उत्तर अशक्य वाटत नाही. भूगोलाच्या पुस्तकातली निरपेक्ष आर्द्रता ही घनमीटरमागची. एसीच्या कामात सायक्रोमेट्रिक चार्टच्या (हवेचे तापमान-आर्द्रता दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या अंगाला असलेला आकडा किलोमागचा. काही चार्टवर तो ग्रॅमऐवजी किलो प्रति किलो असा ०.०१०२ लिहिलेला असतो.

कुठे कोणता घ्यायचा? हवा तापते, निवते, पंख्यातून-डक्टमधून जाते तिथे किलोमागचा घ्या, कारण हवा फुगली तरी किलो तेवढाच राहतो. घनमीटरमागचा आकडा नुसते तापवल्यानेही घटतो, वाफेचा एक कणही कमी न होता. बेदाण्याच्या किंवा मसाल्याच्या ड्रायरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांचा घनमीटरमागचा आकडा वजा करून ‘एवढे पाणी निघाले’ म्हणणे म्हणूनच चूक ठरते. बंद खोलीत, गोदामात, एका तापमानाला किती ग्रॅम वाफ आहे एवढेच हवे असेल तेव्हा घनमीटर चालतो.

उंचीचा परिणाम दोन्हींवर वेगळा होतो. ३० अंश, ५० टक्के हवा घ्या. घनमीटरमागे १५.१ ग्रॅम, मुंबईत, पुण्यात, महाबळेश्वरात तेच, कारण त्या सूत्रात हवेचा दाब नाहीच. किलोमागे मात्र समुद्रसपाटीला १३.३, पुण्यात (सुमारे ५६० मीटर, ९४८ हेक्टोपास्कल) १४.२, महाबळेश्वरात (सुमारे १३५० मीटर, ८६१ हेक्टोपास्कल) १५.७. समुद्रसपाटीचा चार्ट घेऊन महाबळेश्वरात बसलात तर मिश्रण गुणोत्तर खऱ्यापेक्षा १५ टक्क्यांनी कमी वाचाल. वेट बल्ब त्याच हवेचा २२.१ वरून २१.७-२१.८ वर येतो, एवढेच. म्हणजे वेट बल्ब काढताना दाब विसरलात तर नुकसान दशांशांत. ग्रॅम प्रति किलोत विसरलात तर हिशोबच बदलला.

दाब काढायला उंची मीटरमध्ये घ्या : द = १०१३.२५ × (१ − ०.००००२२५५७७ × उंची)^५.२५६. रोजचा चढउतार आपल्या कामासाठी सोडून देता येतो.

इथे एक सापळा आहे. हवामानाच्या ॲपवर पुण्याचा दाब १००८ वगैरे दिसतो. तो समुद्रसपाटीवर उतरवून दाखवलेला असतो, पुण्यातल्या हवेचा खरा दाब नव्हे. तो सूत्रात घालायचा नाही. बीएमई२८० सारखा सेन्सर दाबही मोजतो. त्याचा कच्चा आकडा घ्या.

सेन्सर किती खोटे बोलतो

३ टक्के चूक म्हणजे काय मोठे, असे वाटते. ४२ अंशांना ३ टक्के म्हणजे जवळपास अडीच हेक्टोपास्कल, आणि त्याने वेट बल्ब पूर्ण १ अंश हलतो. ३४ अंश आणि ६० टक्क्यांच्या हवेत तीच चूक अर्ध्या अंशाच्या थोडी वर. जितके जास्त ऊन तितका टक्क्याचा एक घटक महाग. डीएचटी११ ची आर्द्रतेची हमी अधिक-उणे ५ टक्क्यांची असते, म्हणजे विदर्भाच्या दुपारी वेट बल्बमध्ये दीड अंशाहून जास्त. त्या सेन्सरवर वेट बल्ब काढूच नये, हे आमचे स्पष्ट मत. एसएचटी३१ किंवा निदान डीएचटी२२ घ्या.

सेन्सर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या टोपणात दोन चमचे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. वर पाणी तरंगता कामा नये. तरंगले तर आणखी मीठ घाला. टोपण आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, मिठाचा सेन्सरला स्पर्श नको. बरणी उन्हापासून आणि पंख्यापासून दूर, जिथे तापमान हलत नाही अशा कोपऱ्यात बारा तास. आकडा ७५ वर स्थिरावला पाहिजे. २० ते ३० अंशांत हा आकडा ७५.५ ते ७५.१ इतकाच हलतो. कोरड्या हवेसाठी हेच मॅग्नेशियम क्लोराइडने करा : २५ अंशांना ३२.८. उन्हाळ्यात २०-३० टक्क्यांवर काम असेल तर केवळ मिठावर थांबू नका. ७५ ला बरोबर असलेला सेन्सर खाली भरकटलेला असू शकतो. दोन बिंदू मिळाले की मधली सरळ रेषा धरून दुरुस्ती करा.

आता एक बारीक पण फार त्रास देणारी गोष्ट. सेन्सर प्लास्टिकच्या डब्यात, शेजारी ईएसपी३२ बोर्ड, रेग्युलेटर गरम. डब्यातली हवा खोलीपेक्षा २ अंशांनी तापते. खोलीत ३० अंश, ७० टक्के असताना सेन्सर ३२ अंश आणि ६२.५ टक्के दाखवतो. ‘तापमान चुकते आहे’ हे लक्षात येते, म्हणून भिंतीवरच्या चांगल्या थर्मामीटरचे ३० घेतले जातात आणि सेन्सरचे ६२.५ टक्के तसेच ठेवले जातात. झाली चूक! निरपेक्ष आर्द्रता १८.९ येते, खरी २१.२.

सेन्सरने टक्का चुकीचा सांगितलेलाच नव्हता. त्याच्या स्वतःच्या ३२ अंशांना तो बरोबर होता. म्हणून बाष्पदाब नेहमी त्याच चिपच्या तापमान-आर्द्रतेच्या जोडीतून काढा. बाष्पदाब हातात आला की मग त्या चिपचे तापमान सोडा आणि वेट बल्बच्या समीकरणात खोलीचे खरे तापमान त म्हणून घाला. डब्याला भोके पाडणे, सेन्सर लांब वायरवर बाहेर काढणे हे करावेच, पण हिशोबाची ही सवय त्याआधी लावा.

ओली वात लावूनही आकडा वर राहतो

मोजलेला वेट बल्ब चुकला तर तो जवळजवळ नेहमी वरच्या बाजूला चुकतो. त्यामुळे मोजलेला आकडा हिशोबापेक्षा जास्त आला तर आधी वातीवर संशय घ्या, कमी आला तर सेन्सरवर.

वात सुती मलमलीची हवी. नव्या कापडाला खळ असते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळा, स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, नंतर तेलकट बोटांनी हाताळू नका. फुगा पूर्ण झाकून वर दोन-तीन सेंटिमीटर दांडीवरही वात जाऊ द्या, नाहीतर कोरड्या काचेतून उष्णता खाली उतरते. पाणी डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये बॅटरीत भरायला मिळते ते चालते. ॲसिड मिसळलेले नव्हे, साधे टॉप-अपचे. बोअरचे पाणी वापरले तर काही दिवसांत क्षार बसून वात कडक होते, पाणी नीट चढत नाही. वात पिवळी पडली किंवा बोटाला खरखरीत लागली की बदला. पाणी माठातले गार किंवा उन्हात तापलेले नको, हवेच्या तापमानाजवळचे हवे.

वारा फुग्यावरून निदान ३ मीटर प्रति सेकंद वाहायला हवा. फिरवायचे उपकरण असेल तर ३० सेंटिमीटर त्रिज्येवर सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे पावणेचार मीटर, पुरते. सावलीत, अंगापासून हात लांब ठेवून, पाऊण-एक मिनिट फिरवा, वाचा, पुन्हा फिरवा; दोनदा तोच आकडा आला की तो खरा. वाचताना ओला आधी, कोरडा मागून, आणि श्वास रोखून. नागपूरच्या मेमध्ये आकडा तळाला पोचायच्या आत वात सुकते : आकडा खाली येता येता मध्येच वर चढू लागला तर वात सुकली आहे, पुन्हा भिजवा.

भिंतीवर टांगलेल्या ओल्या-कोरड्या जोडीला वारा मिळत नाही. मागाच्या शेडमध्ये, गोदामात हीच जोडी असते. तिच्यासाठी समीकरणातला ०.०००६६ चा गुणक (कंसासकट) काढून साधारण ०.०००८ घ्यावा लागतो. आपल्या नमुन्यात ती जोडी २३.४ ऐवजी २४.३ दाखवील, फिरत्या उपकरणाच्या कोष्टकात हा आकडा शोधला तर २० टक्के हवा २३ टक्के म्हणून नोंदली जाते. उपकरणाबरोबर आलेले कोष्टक कोणत्या वाऱ्यासाठी आहे ते त्याच्या माथ्यावर लिहिलेले असते. ते वाचून मगच वापरा.

दोन्ही थर्मामीटर आपसांत जुळतात का, हे वात काढून एकाच बादलीच्या पाण्यात बुडवून पाहा. ०.२ अंशांहून जास्त फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी वजा करा.

पॅडमागची हवा वेट बल्बपेक्षा गार

कूलर असो की कोंबड्यांच्या शेडचा पॅड, पाणी उडवून हवा वेट बल्बच्या खाली नेता येत नाही. कार्यक्षमता म्हणजे (पॅडमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान − पॅडमधून निघालेल्या हवेचे तापमान) ÷ (पॅडमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान − वेट बल्ब). ही १०० टक्क्यांच्या वर आली तर बाहेरचा आर्द्रता सेन्सर जास्त वाचतो आहे, आणि वेट बल्ब त्यामुळे वर गेला आहे. सेन्सर पॅडच्या जवळ, परतलेल्या दमट हवेत टांगलेला असतो, हे सर्वसाधारण कारण.

कार्यक्षमता नेमकी ९८-१०० दिसत असेल तर तोही आनंदाचा विषय नाही. पॅडमागच्या थर्मामीटरवर तुषार उडतात, तो भिजतो, आणि भिजलेला थर्मामीटर स्वतःच वेट बल्ब होऊन बसतो. त्याला पॅडपासून मीटरभर मागे न्या आणि वर लहानशी आडोशाची पट्टी लावा. चांगल्या सेल्युलोज पॅडची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरा : नागपूरच्या नमुन्यात ४२ ची हवा २७ ला येते, मुंबईच्या दुपारी ३४ ची २८.७ ला. मुंबईत कूलर ‘काम करत नाही’ त्याचे कारण पंपात शोधू नका.

पाण्यावरूनही पडताळा घेता येतो. हवा १ अंश गार करायला किलोमागे सुमारे ०.४२ ग्रॅम पाणी उडते. तासाला ३००० घनमीटर हवा ओढणारा कूलर ४२ अंशांच्या हवेला १५ अंशांनी उतरवत असेल तर तासाला २० लिटर पाणी लागायला हवे. टाकीचा फ्लोट बंद करून एक तास पाण्याची घट मोजा. घट दहा लिटरच असेल तर एकतर हवा सांगितली आहे तितकी वाहत नाही, किंवा तापमान १५ अंशांनी उतरलेले नाही. आणि ३० लिटर असेल तर पॅडमधून पाणी बाहेर ठिबकते आहे, आधी ते पाहा.